नकाशामागची यादी मिळवताना: माझा अनुभव

नाशिकमधल्या एका सार्वजनिक कार्यालयाने आपली सेवा केंद्रं दाखवणारा ऑनलाइन नकाशा काढला. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड अशी शहरभर केंद्रं, प्रत्येकाची एक पिन, पिनेवर क्लिक केलं की पत्ता, वेळ आणि तिथे मिळणारे दाखले. नकाशा आला म्हणून संकेतस्थळावरची पत्त्यांची जुनी यादी काढून टाकली गेली. त्यामुळे ज्यांना नकाशा दिसत नाही किंवा ज्यांचा हात माऊसवर ठरत नाही, त्यांच्यापुरती ती माहितीच गेली. ती परत आणायला साधारण चार महिने लागले. काय करावं लागलं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहिते, कारण असे नकाशे बस थांब्यांचे, मतदान केंद्रांचेही असतात आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी आणखी निघतील.

अर्ज लिहिण्याआधी नकाशा नीट तपासला. "अंध व्यक्तींना नकाशा वापरता येत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. तपासणीला पैसे लागत नाहीत. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो, त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो, आणि अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच.

पहिली फेरी स्क्रीन रीडर बंद ठेवून, फक्त कीबोर्डवर केली. माऊस बाजूला ठेवायचा, टॅब दाबत जायचं आणि आपण पानावर कुठे आहोत हे डोळ्यांना कळतं का ते बघायचं. (दिसणारं कुणी सोबत असेल तर ही फेरी त्यांना करायला सांगावी.) टॅबने ज्या बटणावर किंवा पिनेवर येतो तिथे फोकस आहे असं म्हणतात; या नकाशात तो दाखवणारी चौकट रंगसंगती बिघडते म्हणून काढून टाकली होती, त्यामुळे नेमकं कुठे आहोत ते दिसतच नव्हतं. माऊसने किंवा बोटाने नकाशा सरकवायचा तर ओढण्याशिवाय मार्ग नव्हता. फोनवर तर "नकाशा हलवण्यासाठी दोन बोटं वापरा" अशी सूचना यायची. हात थरथरणाऱ्याला किंवा एकाच बोटाने, काडीने फोन वापरणाऱ्याला तिथेच थांबावं लागतं.

दुसरी फेरी एनव्हीडीए लावून. नकाशा लीफलेट या प्रसिद्ध, मोफत साधनावर बांधलेला होता. लीफलेटमध्ये कीबोर्डची बरीच सोय मुळातच आहे: बाणांनी नकाशा सरकतो, अधिक-उणेने लहानमोठा होतो, पिनांवर टॅबने जाता येतं. पण बनवणाऱ्याने प्रत्येक पिनेला नाव दिलं नाही तर स्क्रीन रीडर "मार्कर, बटन", "मार्कर, बटन" एवढंच म्हणत राहतो. ज्या क्रमाने पिना फाईलमध्ये भरल्या त्याच क्रमाने त्या ऐकू येतात, म्हणजे सातपूरनंतर नाशिकरोड आणि पुन्हा सातपूर. एक गोष्ट मात्र तक्रारीत घालू नये. एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचण्याच्या स्थितीत, असताना बाण तो स्वतःसाठी वापरतो, नकाशापर्यंत पोचू देत नाही. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून, बाण थेट नकाशाला मिळतात त्या फोकस मोडमध्ये गेल्याशिवाय "बाण चालत नाहीत" असं लिहिलं, तर कार्यालय ते चालवून दाखवतं आणि आपल्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जातं.

सगळ्यात त्रासदायक दोष पिन उघडल्यानंतरचा होता. एंटर दाबलं की पत्त्याची चौकट पडद्यावर उघडते, पण फोकस पिनेवरच राहतो. पानाच्या रचनेत ती चौकट सगळ्या पिनांच्या नंतर येते, म्हणून पत्ता ऐकायला उरलेल्या सगळ्या पिना ओलांडत जावं लागतं. पाहणाऱ्याला हा दोष कधीच जाणवत नाही. जवळजवळच्या पिनांचा एक गोळा करून त्यावर आकडा टाकतात, तिथेही असंच. ऐकू येतं "१४". १४ काय, ते कळत नाही. एंटर दाबलं की गोळा फुटून नाहीसा होतो, त्याच्यासोबत फोकसही हरवतो आणि आपण पानाच्या सुरुवातीला जाऊन पडतो.

भाषेचा दोष साधा होता, पण साऱ्या पानाला भोवत होता. पान मराठी, पण त्याच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली. मग मजकूर इंग्रजी आवाजाच्या ताब्यात जातो; अक्षरं तुटक येतात, काही आवाज तर देवनागरी सरळ गाळतात. दुरुस्ती एका शब्दाची. शोधपेटीत "सिडको" टाकलं की काहीच मिळत नव्हतं, कारण माहितीत त्याच भागाचं "नवीन नाशिक" हे नाव होतं. "नाशिकरोड" आणि "नाशिक रोड" यांचंही तेच. आणि "काही सापडलं नाही" हा निरोप पडद्यावर उमटायचा, पण स्क्रीन रीडरला कळवला जात नव्हता, त्यामुळे संगणक अडकलाय की उत्तरच नाही हे ओळखता येत नव्हतं.

रंगांबद्दल थोडक्यात: चालू केंद्र हिरवं, बंद केंद्र लाल, दोन्ही पिनांचा आकार एकच. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला दोन्ही सारखीच. बंद पिनेवर फुली काढली की काम होतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्या दोघांनी दाखवून दिलेली गोष्ट माझ्या तपासणीत सुटली होती. पिन इमारतीच्या मध्यावर टोचलेली असते. दिशादर्शक ॲप त्या बिंदूला सगळ्यात जवळच्या रस्त्यावर आणून सोडतं, आणि तो रस्ता इमारतीच्या मागच्या बाजूचा असू शकतो. रॅम्प पुढच्या फाटकाशी असेल तर पूर्ण वळसा. पिन रॅम्पच्या दारावर हवी. नकाशात "रॅम्प आहे" अशी खूण होती, पण रॅम्प किती चढाचा ते नव्हतं. एक फूट उंचीला किमान १२ फूट लांबी हे प्रमाण. त्याहून उभा रॅम्प कागदावर रॅम्प असला तरी एकट्याने चढता येत नाही.

आता अर्ज. आधी वाटलं होतं नकाशाच पूर्ण सुलभ करून मागावा. तसं केलं असतं तर "पुढच्या निविदेत बघू" असं उत्तर आलं असतं. म्हणून मागण्यांचा क्रम ठरवला. पहिली मागणी: नकाशाच्या शेजारी, त्याच पानावर, त्याच माहितीची मजकुरातली यादी. ती करायला नवं काही गोळा करावं लागत नाही. पिना ज्या फाईलमधून येतात त्याच फाईलमध्ये नाव, पत्ता, वेळ सगळं असतं; त्यातून साधं टेबल तयार होतं आणि फाईल बदलली की टेबलही बदलतं. पीडीएफ नको, हे ठळक लिहिलं. सरकारी पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेलं किंवा युनिकोडपूर्वीच्या फाँटमधलं असतं, स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचतो. दुसरी मागणी कीबोर्ड आणि पिनांची नावं, तिसरी रंग आणि आकार.

यादीत काय हवं तेही सांगावं लागतं, नाहीतर अक्षांश-रेखांशांचे दोन रकाने येतात आणि त्यावरून कुणी कुठे पोचत नाही. पत्ता चालता येईल असा हवा: अशोक स्तंभाकडून मेहर सिग्नलमार्गे सीबीएस बसस्थानकाकडे येताना केंद्र कोणत्या हाताला, फाटक रस्त्यावर की गल्लीत, दारात पायऱ्या किती, रॅम्प कुठल्या बाजूला, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. आणि संपर्काला फक्त फोन नंबर नको, बहिऱ्या व्यक्तीला त्याचा उपयोग नाही. ईमेल किंवा मेसेज करता येईल असा क्रमांक हवा.

प्रत्येक दोष एकाच साच्यात लिहिला: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठल्या ब्राउझरवर आणि कुठल्या स्क्रीन रीडरवर. उदाहरणार्थ: "टॅबने पिनेवर जाऊन एंटर दाबलं. पत्त्याची चौकट उघडून फोकस तिच्यात जायला हवा. फोकस पिनेवरच राहतो. निकष २.४.३, फोकसचा क्रम." डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या निकषाचा असा आकडा घातला की अर्ज कंत्राटदाराच्या तांत्रिक माणसाकडे जातो, कारकुनाच्या टेबलावर थांबत नाही. कायद्याचा आधार दोन ओळींत: दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६, कलम ४२, आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शिका, जी डब्ल्यूसीएजी २.१ ची डबल-ए पातळी मागते.

कार्यालयाकडून आलेल्या उत्तराला कंत्राटदाराचं पत्र जोडलं होतं: ऑनलाइन नकाशांना सुलभतेच्या नियमांतून सूट आहे. ही सूट खरी आहे, पण ती ब्रिटनच्या २०१८ च्या नियमांत आणि युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात. तिथेसुद्धा ती अर्धीच आहे. नकाशा वाट शोधण्यासाठी असेल तर त्यातली आवश्यक माहिती सुलभ डिजिटल स्वरूपात द्यावीच लागते. म्हणजे त्यांनी पुढे केलेला नियमच यादी द्या म्हणत होता. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्यात नकाशांना अशी सूट दिलेली नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं आहे की सुलभतेची मानकं ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारक हवीत. उत्तरादाखल हे सगळं एका पानात मावलं.

त्यानंतर शांतता. मग माहिती अधिकारात अर्ज केला. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. मागितलं इतकंच: नकाशाच्या कंत्राटातल्या सुलभतेच्या अटीची प्रत, आणि काम स्वीकारण्यापूर्वी झालेल्या सुलभता चाचणीच्या अहवालाची प्रत. "का केलं नाही" असा प्रश्न विचारायचा नाही. तो माहिती ठरत नाही म्हणून अर्ज परत येतो. कलम ७(४) प्रमाणे दृष्टी किंवा श्रवणासारखं संवेदनात्मक अपंगत्व असलेल्या अर्जदाराला माहिती वापरता येईल यासाठी मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, म्हणून उत्तर स्कॅन न करता मजकुराच्या फाईलमध्ये मागितलं. ३० दिवसांच्या आत कंत्राटाची प्रत मिळाली, आणि अट त्यात होती. चाचणी अहवाल "उपलब्ध नाही". या दोन ओळींनंतर बैठकीची तारीख लगेच मिळाली. काम तिथेच अडलं असतं तर पुढची पायरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रारीची होती. त्यांनी शिफारस केली की कार्यालयाला तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवावी लागते.

बैठकीत बोलण्यापेक्षा लॅपटॉप उघडला. एनव्हीडीएचा आवाज स्पीकरवर लावून तिथल्या अभियंत्याला विचारलं, "साहेब, यातून सातपूरच्या केंद्राची वेळ काढून द्याल का?" टॅब दाबत पाचेक मिनिटं गेली. त्याच आठवड्यात यादीचं टेबल पानावर आलं.

पुन्हा तपासलं तर टेबलात दोन चुका होत्या. रकान्यांची शीर्षकं फक्त ठळक अक्षरात होती, शीर्षक म्हणून नोंदवलेली नव्हती, त्यामुळे ओळीच्या मध्यावर "१० ते ५" ऐकू आलं की ते कशाबद्दल ते कळेना. आणि शोधपेटीत नाव टाकलं की फक्त नकाशा बदलायचा, टेबल तसंच राहायचं. दोन्ही दुरुस्त झालं. पिनांना नावं आली, भाषा मराठी झाली, फोकस चौकटीत जाऊ लागला, सिडको आणि नवीन नाशिक दोन्ही नावांनी केंद्र सापडू लागलं. गोळ्यांचा दोष तसाच आहे. यादी असल्यामुळे तो मी मागे ठेवला.

सगळ्या नकाशांना यादी पुरत नाही. गोदावरीच्या पूररेषांचा नकाशा घ्या: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. तिथे पिनाच नाहीत, यादी कशाची करणार? तिथे मागायचं ते असं की पत्ता किंवा गट क्रमांक टाकला की मजकुरात उत्तर मिळावं: ही जागा निळ्या रेषेच्या आत आहे, दोन्ही रेषांच्या मध्ये आहे, की लाल रेषेबाहेर. पुढचा अर्ज त्याच मागणीचा लिहिते आहे.