मुतखडा आणि उलटी पडणारी पथ्ये

आमच्या नात्यात मुतखडा नवा नाही आणि तो झाला की पहिला सल्लाही ठरलेला असतो: दूध बंद करा, टोमॅटो वर्ज्य करा. पथ्य पाळणारा माणूस ते निष्ठेने पाळतो, मात्र पापड-लोणच्याला हात लावताना त्याला काही वाटत नाही.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि अन्नातूनही येणारे ऑक्झलेट हे द्रव्य यांच्या संयोगाचे, असतात, म्हणून कॅल्शियम टाळावे हा तर्क वरवर पटतो; पण जेवणातून मिळणारे कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते, त्यामुळे दूध-दही तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट शोषले जाऊन लघवीत अधिक उतरते. मिठाचे तसे नाही. सोडियम जितके जास्त, तितके लघवीतून जाणारे कॅल्शियम जास्त. टोमॅटोत ऑक्झलेट फारसे नसते. हात आखडायचाच असेल तर तो पालक, बीट आणि बदाम यांच्या बाबतीत आखडावा. लिंबातील सायट्रेट खडा बनण्यास अडथळा आणते, परंतु आपण सरबतात सढळ हाताने मीठ घालतो, ते तेवढे टाळावे.

पाण्याचा हिशोब पिण्यावरून नव्हे, तर लघवीवरून करावा. दिवसाकाठी अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बरेचसे पाणी घामावाटेच जाते, तेव्हा त्यासाठी किती प्यावे लागेल हे लघवीच्या फिकट रंगावरूनच कळते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

कुळथाच्या कढणाने खडा विरघळतो असे सांगितले जाते; त्या कढणाला माझा विरोध नाही, पोटात पाणी तरी जाते. पण औषधाने विरघळण्याजोगे खडे मुख्यतः युरिक ॲसिडचे असतात आणि त्यासाठी लघवीची आम्लता कमी करणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. त्याहून मोठ्यांसाठी आकार आणि जागा पाहून बाहेरून ध्वनिलहरींनी फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेझरने चुरा करणे किंवा, खडा दोन सेंटिमीटरहून मोठा असल्यास, पाठीतून छिद्र पाडून काढणे असे मार्ग आहेत. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे मात्र धरून चालू नये, कारण अडकलेला खडा न दुखता मूत्रपिंडाला सूज आणू शकतो; म्हणून सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर आत नळी, म्हणजे स्टेंट, ठेवला असेल तर तो काढण्याची तारीख घरातल्या दुसऱ्या कोणालाही सांगून ठेवावी. बरे वाटू लागल्यावर तो राहून जातो आणि पुढे त्याच्यावरच क्षार साचतात. पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी द्यावा. तो कशाचा आहे हे कळल्यावरच पुढचे पथ्य नेमके ठरवता येते.