दोन किलो ज्वारी दळून मिळेल का?

बिस्किटं, नूडल्स, फ्रोजन पराठे आणि कुरकुरीत पाकिटं घरातून काढायला आम्हाला फारसा त्रास झाला नाही. किराण्याच्या यादीतून ती नावं गेली. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. दोघं थोडे दिवस कुरकुरले आणि मग रुळले. छळ झाला तो दळणाचा. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे स्वयंपाक मी करतो. बायको हॉस्पिटलमध्ये आहे, तिच्या ड्यूट्या बदलत राहतात. रात्रीला चून-भाकर (चून म्हणजे पिठलं), डाळभाजी-भाकर, कधी भरीत असं ठरवलं, कारण मुलांनी ज्वारीची भाकर पोटभर खाल्ली की झोपायच्या आधी ती डबे धुंडाळत नाहीत. पण भाकर मऊ तर हवी! मोठ्या दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर थापतानाच कडेला भेगाळायची आणि तव्यावर टाकेपर्यंत मोडायची. मुलाने पहिला घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. मी चाखून पाहिली, खरंच कडसर होती. त्या रात्री तो उपाशीच नूडल्स मागत होता आणि मला त्याला रागावता येईना.

ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि त्याच्या जोरावर गोळा धरून राहतो. शिवाय दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर त्याला हवा लागते आणि दिवस जातील तसं पीठ खवट होतं, त्याची विरी, म्हणजे धरून ठेवायची चिकटाई, जाते. त्या पाकिटावरची तारीख पाहिली तर पीठ दळून महिने उलटले होते. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा घरचं पीठही फार दिवस धरत नाही. म्हणजे थोडं थोडं, ताजं दळून आणायचं, एवढाच मार्ग.

आमच्या लेआऊटमध्ये एकच चक्की आहे. दोन किलो ज्वारीचा डबा घेऊन गेलो.

"किती हाय?"

"दोन किलो. ज्वारी."

"पाचच्या खाली नाही घेत, भाऊ. आन् ज्वारी आज नाही, गहू चालू हाय."

"मग कधी?"

"या ना उद्या-परवा."

उद्या-परवा गेलो तर लाईन गेलेली. त्यानंतर गेलो तर डबा ठेवून जा म्हणाले. भिंतीला लागून डब्यांची रांग होती, झाकणांवर रंगाने लिहिलेली आडनावं. माझा डबा संध्याकाळीही तिथेच, तसाच, वर दुसऱ्यांचे दोन डबे. पाच किलो नेली तेव्हा ज्वारी दळली खरी, पण कुणाच्या तरी गव्हाच्या पाठोपाठ. चक्कीच्या पोटात आधीचं पीठ राहतं, ते पुढच्या दळणात उतरतं. तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीतून पीठ पडत होतं, मी हात खाली धरला. चिमटीत घेतलं तर रवाळ लागलं. बारीक करा म्हटलं, तर "ज्वारी अशीच येते" हे उत्तर. घरी भाकर वातड झाली आणि उरलेलं पीठ संपायच्या आतच कडू व्हायला लागलं, कारण पाच किलो पीठ आमच्या घरी लवकर खपत नाही. पाच किलोची अट आणि ताजं पीठ या दोन गोष्टी एकत्र जमतच नव्हत्या. प्रत्येक जण सांगायचा, घरघंटी घेऊन टाका. तेवढे पैसे बाजूला नव्हते, आणि घरचं जेवण जेवायला माणसाला आधी यंत्र विकत घ्यावं लागावं, हे मला मान्य नव्हतं.

मला सगळ्यात जास्त चीड याची आली की पूर्वी याच शहरात ज्वारी दळणं ही रोजची गोष्ट होती. विदर्भातल्या शेतांत सोयाबीन आलं, खरिपाची ज्वारी कमी झाली, ताटात पोळी आली, आणि चक्कीवाल्याच्या हिशेबात ज्वारी म्हणजे कटकट होऊन बसली. त्याचंही खोटं नव्हतं. दोन किलोसाठी चक्की झाडायची तर त्याला परवडत नाही. पण हे त्याने पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतं तर माझ्या इतक्या चकरा वाचल्या असत्या.

शेवटी गल्लीतल्या चार घरांना विचारलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचीबी टाकून दे ना त्यात, मी तर भाकर करणंच सोडलं होतं." सगळ्यांची मिळून आठ-दहा किलो ज्वारी झाली. मग चक्कीवाल्याला म्हटलं, सोमवारी सकाळी उघडल्या उघडल्या, चक्की झाडलेली असताना, गहू टाकायच्या आधी आमची घ्या. तो लगेच हो म्हणाला. त्या पहिल्या सोमवारच्या पिठाची भाकर टम्म फुगली आणि मुलाने दुसरी मागितली. तिच्यावर कच्चं फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) आणि जवसाची चटणी होती. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

चक्कीवरून आणलेलं पीठ गरम असतं. ते कागदावर पसरून गार करा, मगच डब्यात भरा, नाहीतर आत घाम धरून गोळे होतात. उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा. ज्वारी मी इतवारीत मस्कासाथला घेतो; मालदांडी मागा, भाकर पांढरी आणि गोडसर होते. एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळा. शाळेच्या डब्यात भाकर देऊ नका, गार झाली की कडक होते. डब्याला कणकेची पोळीच बरी.

संध्याकाळी पाच ते सात ही वेळ सांभाळली तर अर्धं काम होतं. मुरमुरे, कांदा, भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबू, किंवा फुटाणे-फल्लीदाणे-गूळ. समोर असेल तेच मुलं खातात. बायकोने एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं ताजं जेवण दिलं. समोर वाढलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबीचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तेव्हा पाकिटाला मुलं हपापतात यात मुलांचा दोष नाही.

हो, आणि पाकीट घ्यायचंच झालं तर मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. पुढे मोठ्या अक्षरांत मल्टिग्रेन आणि मागे पहिलं नाव मैदा असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट आहे.

दिवाळीच्या आधी चक्कीवर भाजणी आणि बेसनाची गर्दी उसळते, तेव्हा सोमवारचा नंबरही मिळत नाही. ज्वारीचं दळण त्याच्या आधीच उरकून घ्या.