लेन्स किती बंद करायची?

एन्लार्जिंग, म्हणजे अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढणं, शिकायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेन्स कितीवर ठेवू?" उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलंच मिळतं, "आठवर ठेव." आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान, आणि आठ हे उत्तर चूक नाही. २.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर प्रिंटचे कोपरे मऊ पडतात. १६ वर नेली तर बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि ग्रेनची, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांची, धार जाते. मधले ५.६ आणि ८ हे तिचे सगळ्यात चांगले आकडे. तरीही मी लेन्स त्यावरून लावत नाही. या निगेटिव्हवर हाताला किती काम आहे ते आधी बघते. त्या कामाला वेळ पुरेल एवढी लेन्स बंद करते.

माझ्याकडे मिरजेतल्या एका सतारमेकरची निगेटिव्ह आहे. डावीकडच्या दारातून ऊन येतंय, मांडीवरच्या भोपळ्याची पाठ त्या उन्हात चमकतेय आणि कारागिराचा चेहरा पार सावलीत. आठ बाय दहाच्या प्रिंटला ५.६ वर ६ सेकंद लागतात. प्रिंटवर प्रकाश जितका कमी पडेल तितकी ती जागा उजळ राहते, म्हणून चेहरा थोडा वेळ झाकावा लागतो. ६ सेकंदांत चेहऱ्यावर सावली धरून काढून घ्यायची म्हणजे नुसती घाई. एकेक स्टॉप, म्हणजे ५.६ वरून ८, ८ वरून ११ अशी एकेक पायरी, बंद केला की प्रकाश निम्मा होतो, वेळ दुप्पट. ११ वर नेलं की २४ सेकंद मिळतात. त्यातले ५ सेकंद चेहरा झाकते, म्हणजे तिथे साधारण एक तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश पडतो आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या वर येतात. मग बाकीचं झाकून फक्त दारावर आणखी २४ सेकंद, म्हणजे पूर्ण एक स्टॉप, आणि पांढऱ्याफटक पट्टीत चौकटीचं लाकूड दिसायला लागतं. ११ वर धार किंचित कमी होत असेल, मला आठ बाय दहाच्या प्रिंटमध्ये ती जाणवत नाही. काळाठिक्कर चेहरा मात्र कुणालाही जाणवतो.

झाकायला सायकलच्या स्पोकच्या टोकाला काळ्या कागदाची चकती लावलेली आहे. ती सतत हलती ठेवायची, नाहीतर चेहऱ्याभोवती कडं उमटतं.

फोकस मात्र लेन्स पूर्ण उघडून, ग्रेनवर. मग अंधारात क्लिक मोजत बंद करायची. २.८ वरून ११ म्हणजे चार क्लिक. बंद केल्यावर ग्रेन परत एकदा बघून घ्यावा, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस बंद करताना सरकतो. शिवाय बल्बच्या उष्णतेनं निगेटिव्ह मध्येच फुगते. निगेटिव्ह धरणारा कॅरिअर काच नसलेला असेल तर दिवा थोडा वेळ चालू ठेवून, निगेटिव्ह गरम झाल्यावरच फोकस करावा.

हे सगळं सांभाळूनही दोन प्रिंट सारखे येत नसतील तर व्होल्टेजकडे बघा. सांगलीतल्या मामांच्या स्टुडिओत मी हे काम शिकले. सेफलाइट, म्हणजे पेपरला न लागणारा डार्करूममधला मंद दिवा, जरा मंदावली की मामा माझा हात धरायचे, "व्होल्टेज बसलंय पोरी, थांब जरा." त्याचं गणित मला पुढे कळलं. साध्या टंग्स्टन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घसरतो. २३० चे २०७ झाले, म्हणजे १० टक्के कमी, तर प्रकाश ३० टक्क्यांच्या आसपास उतरतो. तो जवळजवळ अर्धा स्टॉप झाला! वर उजेड पिवळट होतो तो वेगळाच. मल्टिग्रेड पेपरचा कॉन्ट्रास्ट उजेडाच्या रंगावर बदलतो, निळा उजेड कडक कॉन्ट्रास्ट देतो, त्यामुळे उजेड पिवळा झाला की प्रिंट फिकट आणि मऊ. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू होतात तेव्हा मी पेपरचं पाकीट उघडतच नाही. रात्री जेवणं आवरल्यावर बसते, आणि एन्लार्जर सर्व्हो स्टॅबिलायझरवर चालवते, तो व्होल्टेज सलग सावरतो. साधा रिलेचा स्टॅबिलायझर पायऱ्या-पायऱ्यांनी उडी मारतो, ती उडी एक्स्पोजरच्या मधेच आली तर पेपर गेलाच.

आता हीच निगेटिव्ह सोळा बाय वीसवर करायची आहे. आकार दुप्पट म्हणून वेळ चौपट, असं सरसकट सांगतात, पण नेमका तेवढा लागत नाही. किती पट मोठं केलं त्यात एक मिळवून वर्ग करायचा. आठ बाय दहाच्या आठपटीला ९ चा वर्ग ८१, सोळा बाय वीसच्या सोळापटीला १७ चा वर्ग २८९. म्हणजे साडेतीनपटीच्या थोडं वर. २४ सेकंदांचे ८६ होतात. एवढा वेळ बल्ब तापवत बसण्यापेक्षा लेन्स दोन स्टॉप उघडून ५.६ वर आणली की साडेएकवीस सेकंदांत काम होतं. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेळ तपासायची पेपरची पट्टी, तरीही काढायचीच. चकतीही बदलावी लागते. चेहरा मोठा झाला म्हणून एक तर मोठी कापायची, किंवा तीच लेन्सच्या जवळ धरायची. जवळ धरली की सावली मोठी होते आणि तिची कड विरघळते. चेहऱ्याला ती चालते. भोपळ्याच्या कडेला मात्र सावली नेमकी हवी, तिथे चकती पेपरजवळच धरावी लागते.