चौथा अंक: एकही ट्रिक नाही

आम्ही नागपूरची स्केटबोर्डवाली मंडळी झेरॉक्सवर जी पत्रिका काढतो, तिच्या चौथ्या अंकाची २४ पानं लावून झाली आणि त्यात एकाही ट्रिकचा फोटो नाही. मुखपृष्ठावरसुद्धा नाही. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी तोंडं वाकडी केली. एकाने तर सरळच विचारलं, "मग स्केटबोर्डिंगचा अंक कायले म्हणतो बे त्याले? सिमेंटचा म्हण." एका अर्थी सिमेंटचाच आहे.

ट्रिकचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडलेत, तेही हलते आणि स्लो मोशनमध्ये. झेरॉक्सवर त्यातला एखादा छापायला घेतला की काळी पँट, काळा बोर्ड आणि संध्याकाळचा उजेड मिळून एकच डाग होतो. झेरॉक्सला मधला करडा रंग झेपत नाही, तो एक तर काळा करतो नाही तर पांढरा. तरी छापायचाच असेल तर फोटो आधीच हाफटोनच्या ठिपक्यांत फोडून द्या आणि इंचाला साठेक रेषांच्या वर जाऊ नका. ठिपके डोळ्याला दिसतात, दिसू द्या.

पण मोबाइलमध्ये जे नाही ते म्हणजे जमीन. नागपुरात कुठल्या फरशीवर कुठलं चाक चालतं, कुठे पाय बधिर होतात, कुठे बोर्ड फेकून देतो, हे सगळं चार-पाच पोरांच्या तळपायात आहे. ती पोरं पुण्याला नोकरीला गेली की ते ज्ञानही पुण्याला. म्हणून हा अंक जमिनीचा.

छाप घेणं

लहानपणी रुपयावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच करायचं, फक्त रस्त्यावर. कागदांचे बरेच प्रकार करून पाहिले. पतंगाचा कागद फाटतो. ट्रेसिंग पेपर सरकतो. सगळ्यात चांगला निघाला तो वर्तमानपत्राचा कोरा कागद, रिळाच्या शेवटी उरतो तो. कोळशाने छाप झकास येतो, पण घडी पडली की सगळा पुसतो. मेणाचा काळा खडू वरचं वेष्टन काढून आडवा घासायचा, हलक्या हाताने आणि एकाच दिशेने. आपल्यापैकी बहुतेकांच्या बॅगेत लेजवर (बोर्ड घासत नेतो त्या कडेवर) घासायला मेणबत्तीचा तुकडा असतोच, त्याच्याच शेजारी हा राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात खडू हातातच मऊ पडायला लागला, म्हणून छापाचं काम सकाळी लवकर.

आधी सिमेंट रोड. गाड्या घसरू नयेत म्हणून ओल्या काँक्रीटवर ब्रश किंवा दाताळ्यासारखं अवजार ओढून रेघा पाडतात, त्या कागदावर कंगव्याच्या दात्यांसारख्या उमटतात. शिवाय काँक्रीट आकसताना भलतीकडे तडा जाऊ नये म्हणून साधारण साडेचार मीटरवर करवतीने कट मारलेले असतात. ५२ मिमी, १०१ए (आकडा मोठा तितकं चाक कडक) चाकांवर रेघांची घरघर आणि मध्येच 'टक' असं पाच मिनिटं चाललं की पायाला मुंग्या. ७८एची मऊ चाकं लावली तर लोण्यासारखं जातं, पण स्लाइड, म्हणजे चाकं आडवी घसरवणं, विसरा. ५४ मिमी, ९७ ते ९९ए हा आमचा तोडगा. प्रत्येक छापाच्या खाली चाकाचं माप आणि कडकपणा दिलाय. माझ्या मते या अंकातली सगळ्यात उपयोगी ओळ तीच.

ट्रिमिक्सचा छाप जवळजवळ कोराच येतो. (नवीन मंडळींसाठी: ओलं काँक्रीट ओतल्यावर व्हॅक्यूमने जादाचं पाणी ओढून घेतात आणि वरून पंख्याच्या पात्यांसारखं मशीन फिरवून घोटतात. गोदामं, बेसमेंट पार्किंग, वर्कशॉप, सगळीकडे हेच.) कागद तिरका धरला तर पात्यांची पुसट वर्तुळं दिसतात, बस. पान रिकामं राहिलंय असं वाटून एक जण प्रूफमध्ये ते काढायलाच निघाला होता. ठेवलं. ज्याला कळायचं त्याला कोरं पान बघूनच तोंडाला पाणी सुटेल.

कोट्याची फरशी घोटलेली असेल तर उलट फार गुळगुळीत. चाक चिरकतं, आणि वर धूळ असेल तर बोर्ड आडवा होऊन तुम्ही उभेच. घोटकाम न केलेला जुना कोटा मात्र सुरेख, आणि त्याच्या पायरीची कड मेण लावल्यावर ग्रॅनाइटपेक्षा लवकर चालू होते. पण तुटतेही लवकर, म्हणून दुसऱ्याच्या पायरीवर ग्राइंड (कडेवरून बोर्डाचा धातू घासत जाणं) नाही हा आमच्या रविवारच्या सेशनचा नियम. पायरी आपली बनवा.

आणि गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. स्केटिंगला गट्टूइतकी नालायक जमीन नाही, कुठलंही चाक लावा, दात वाजतात. पण कागदावर? नागमोडी, एकात एक अडकलेले आकार, कडांना बारीक खडीचे ठिपके. मुखपृष्ठावर तोच घेतलाय. फुटपाथ, बाग, पार्किंग, जिथे बघाल तिथे गट्टू बसवणाऱ्यांचा तेवढाच एक उपकार.

गट्टूचा छाप घेत होतो ते एका सरकारी इमारतीच्या बाहेर. तिथल्या वॉचमन काकांनी आम्हाला बोर्डसकट अनेकदा हाकललंय. या वेळी बोर्ड बॅगेत, आम्ही दोघं जमिनीवर आडवे. काका आले.

"काय करून राहिले बे इथं?"

"काका, जमिनीचा छाप घेऊन राहिलो."

"कायले?"

"पुस्तकात छापाले."

काका थोडा वेळ बघत राहिले, मग वाऱ्याने कागदाचं टोक उडायला लागलं तसं त्यावर काठी ठेवली. "हे खराब आहे. तिकडं पोर्चमंदी नवीन बसवली, ते घ्या." पोर्चमधली फरशी घोटीव ग्रॅनाइट, पाच फूट रुंद, कड अगदी सरळ. आजवर आम्हाला तिथपर्यंत कोणी पोचूच दिलं नव्हतं. छाप घेतला. स्केट केलं नाही, काकांची नोकरी आहे.

पत्ता छापायचा की नाही

यावर ग्रुपमध्ये जी भांडणं झाली ती अंकाच्या कामापेक्षा जास्त वेळ चालली. एक बाजू म्हणते, नवीन पोरगं बोर्ड घेऊन येतं, त्याला कुठे जायचं ते कळलं पाहिजे. दुसरी म्हणते, पत्ता छापला की पंधरा दिवसांत तिथे चाळीस पोरं, एकविसाव्या दिवशी लोखंडी खिळा नाही तर साखळी. दोन्ही खरं आहे. माझं मत पत्ता न छापण्याकडे. अंकात शहराचा भाग, जमिनीचा प्रकार आणि वेळ एवढंच आहे: 'पश्चिम नागपूर, ट्रिमिक्स, रविवारी सकाळी सातच्या आत'. बाकीचं ज्याला हवं त्याने सेशनला यावं, हात धरून नेऊ. यावर नंदनवनची एक पोरगी म्हणाली, "म्हणजे जिला सकाळी सातला घरून सोडत नाहीत तिने काय करायचं?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. तिचं म्हणणं तिच्याच अक्षरात पान १९ वर जसंच्या तसं छापलंय.

मुलींचा विषय निघालाच आहे तर: मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ मध्ये स्केटपार्क झाला, तिथले दोन नियम प्रसिद्ध आहेत. आधी मुली, आणि शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनला जागतिक स्पर्धेत खेळून आली. पहिला नियम आम्ही उचललाय. रॅम्पवर रांग असेल तर मुली पुढे. कुरकुर झाली, आठवड्याभरात थांबली.

सुताराकडे

आता रॅम्प. तान्हा पोळा झाल्यावर नागपूरच्या महाल भागात सुतारांना जरा उसंत असते, तेव्हाच गाठायचं असं ठरवलं होतं. ज्यांच्याकडे गेलो ते वर्षानुवर्षं पोरांचे लाकडी नंदी बनवतात. बाहेरच्या मंडळींसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघर ओढत नेतात. म्हणजे लाकूड, धुरा आणि चाकं हे गणित त्यांना आपल्याहून जास्त कळतं. माझा बोर्ड उलटा करून त्यांनी ट्रक (चाकांचा धुरा धरणारा धातूचा भाग) हाताने दाबून पाहिला, त्याच्या मधल्या बोल्टभोवतीचं, म्हणजे किंगपिनभोवतीचं रबर अंगठ्याने चाचपलं. "नंदीले वळाचं असलं तं दोरी ओढा लागते. हा वजनानं वळते, हो न?" समजावून सांगायला काही उरलंच नाही.

किकरचं, म्हणजे उडी मारायच्या छोट्या रॅम्पचं माप: त्रिज्या ६ फूट, उंची १ फूट. मग पायथ्याची लांबी ३ फूट ४ इंच येते आणि वरच्या टोकाला उतार साधारण ३३-३४ अंश. वक्राची स्वतःची लांबी साडेतीन फूट, त्यामुळे ६ मिमी प्लायच्या एका ८ बाय ४ शीटचे दोन तुकडे केले की वरचे दोन्ही थर त्यातच निघतात. ६ फुटी सुतळी, एका टोकाला खिळा, दुसऱ्याला पेन्सिल, असा कंस १८ मिमी प्लायवर काढून बाजू कापल्या. एकच जाड प्लाय वाकवायच्या भानगडीत पडू नका. पातळ दोन थर घ्या आणि वरच्या पापुद्र्याचे रेषे रॅम्पच्या रुंदीच्या दिशेने ठेवा, तसा प्लाय निमूट वाकतो. हे मला सुतारकाकांनी सांगितलं, कुठल्या व्हिडिओत नीट कोणी सांगत नाही. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० असा शिक्का बघा, तो मरीन ग्रेड. ३०३ स्वस्त पडतो, पण एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) ग्रेडचा असेल तर एका पावसाळ्यात कडा फुगून उकलतात. पायथ्याला पत्र्याची पट्टी, स्क्रूची डोकी आत बुडवून.

फ्लॅटबारसाठी (ग्राइंड करायचा आडवा लोखंडी दांडा) दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोनी पाइप, ६ फूट, वेल्डिंगचे गोळे ग्राइंडरने साफ. फॅब्रिकेशनवाल्याने "ग्रिल आहे का झोपाळा?" विचारलं, आम्ही "रेलिंग" म्हणालो, विषय संपला.

बेअरिंगबद्दल प्रत्येक वेळी विचारणा होते, म्हणून परत एकदा: ६०८ नंबर, आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२, जाडी ७. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं. आपल्या धुळीला रबराचं बरं, सुईने उचकून साफही करता येतं. आतलं ग्रीस धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. बोर्डाला आठ लागतात, दहा घ्या.

पानं आणि काना-मात्रा

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला. पहिल्या प्रेसवाल्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडला आणि 'स्केटिंग'चे तुकडे झाले, वेलांटी एकीकडे, अनुस्वार दुसरीकडे. त्यांचं सगळं काम जुन्या फॉन्टवर चालतं, ते आम्हालाच म्हणाले, "तुमचं मराठी खराब आहे." दुसरीकडे गेलो. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करावा, बहुतेक जोडाक्षरं तिथेच जागेवर येतात. आम्ही फुकटातलं स्क्रायबस वापरतो आणि प्रेसला फक्त पीडीएफ देतो, फॉन्ट आत बसवून. मजकुराला मुक्त, शीर्षकांना मोदक हे फॉन्ट. मोदक इतका गुबगुबीत आहे की झेरॉक्सवर अक्षरांची पोटं भरून येतात, ३६ पॉइंटच्या खाली नको.

२४ पानी ए५ म्हणजे ए४चे ६ कागद. एका बाजूला शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी २५ यायला हवी: २४ आणि १, मागे २ आणि २३. पाठपोट छापताना प्रिंटरमध्ये 'शॉर्ट एज' निवडा. सेंटर पिन बाइंडरकडून, मग बाहेरची कड एकदा कटिंगला, कारण आतली पानं किंचित पुढे डोकावतात. आणि घडीवर गडद काळा येऊ देऊ नका, टोनर तडकतो.

अंकावर 'मासिक', 'त्रैमासिक' असलं काही लिहिलेलं नाही. २०२३च्या नव्या कायद्यात नोंदणीची अट आहे ती ठरावीक अंतराने निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यावर भाष्य छापणाऱ्या प्रकाशनांना. आमचं अंतरही ठरावीक नाही आणि गट्टू ही बातमी नाही.

१९८१च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत 'थ्रॅशर' हे स्केटबोर्डिंगचं मासिक सुरू झालं ते बोर्डाचे ट्रक बनवणाऱ्या मंडळींनीच काढलं होतं. अमेरिकेत तेव्हा पार्क धडाधड बंद होत होते आणि स्केटबोर्डिंगचं जुनं मासिक विषय बदलून बसलं होतं. ट्रक विकायचे तर स्केट करणारे उरले पाहिजेत, असा तो रोकडा हिशेब. आमच्याकडे विकायला ट्रक नाहीत, एवढाच फरक. तरी जाहिरात घ्यायची का, हा प्रश्न या वेळीही आला. एका चहावाल्याची घेतली. पैसे नाहीत, सेशननंतरचा चहा.

आता काय राहिलंय

छपाई विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी उरकायची आहे. डिसेंबरात सरकार मुंबईहून इथे आलं की सिव्हिल लाइन्समध्ये पावलापावलावर पोलीस, तिकडे बोर्ड न्यायची सोय नाही. पण त्याच्या आधी रस्त्यांवर ताजं डांबर पडतं, आणि बंदोबस्त लागायच्या आतल्या त्या चार-सहा सकाळी वर्षातल्या सगळ्यात गुळगुळीत असतात. ताज्या डांबराचा छाप मात्र घेता येत नाही, कागदच चिकटतो. ते अर्धं पान रिकामं ठेवलंय, थंडीने डांबर आवळलं की भरू.

पोस्टाचं गणित बदललंय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, त्यामुळे बाहेरगावी पाठवताना एकेक अंक परवडत नाही. अमरावती, अकोला, चंद्रपूरच्या मंडळींनी आपापसांत ठरवून एकाच पत्त्यावर गठ्ठा मागवावा. आणि पैशांऐवजी तुमच्या गावच्या जमिनीचा छाप पाठवलात तरी चालेल: ए५ आकार, काळा मेणखडू, मागे फरशीचा प्रकार आणि चाकाचं माप. कागद घडी न घालता गुंडाळून पाठवा. गट्टू नको, गट्टू आमच्याकडे भरपूर आहेत.