सूतभर मोकळी जागा

कपाट बनवणं सोपं असतं, असं मी हल्ली बिनधास्त सांगतो. कपाट म्हणजे शेवटी उभा खोका, त्यात आडव्या फळ्या टाकल्या की झालं, एखादी फळी दोन एमएम इकडेतिकडे गेली तरी तिच्यावर ठेवलेल्या चादरीला त्याचं काही नसतं. भानगड आहे ती खणांची. खण म्हणजे ड्रॉवर हो, कपड्यांच्या कपाटात खाली तीन-चार असतात ते. खण हलतो ना, आत जातो, बाहेर येतो, आणि आमच्याकडे तर त्याने हे सगळं आषाढातसुद्धा करायचं असतं, जेव्हा घरात मीठ ओलं, काडेपेटी ओली आणि वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच.

सुतारकामाचं खूळ मला तसं उशिरा लागलं. वाडीतल्या सुतारकाकांकडे नुसतं बसायला जायचो, मग हातात रंधा आला, मग करवत, आणि मग बायको म्हणाली की एवढं शिकतोयस तर माझ्या कपाटाला खण कर. सिंधुदुर्गात लाकूड म्हटलं की बाहेरच्यांना सावंतवाडीची चितार आळी आठवते, ती रंगीत लाकडी फळं आणि खेळणी, पण घरोघरच्या फणसाच्या खांबांकडे आणि सागाच्या दारांकडे कोण बघतंय. असो.

तर खण. पाच तुकडे: दोन बाजू, पुढची पट्टी, मागची पट्टी आणि तळ. ऐकायला किती सोपं वाटतं बघा. पण हे तुकडे कापण्याआधी जे मोजायचं असतं ते लाकूड नसतंच, ती रिकामी जागा असते. बाजारात मिळणारं साधं टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे खण ज्यावर सरकतो ती एकात एक जाणारी पट्टी, बॉल बेअरिंगवालं, ४५ एमएम उंचीचं, त्याला प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो. म्हणजे कपाट आतून २४ इंच असेल तर खण बाहेरून २३ इंच, ५८४ एमएम. बाजू १२ एमएम प्लायच्या घेतल्या तर दोन्ही मिळून २४ गेले, उरले ५६०, तेवढ्या पुढच्या-मागच्या पट्ट्या. खण एक-दोन एमएम कमी भरला तर ठीक, चॅनलच्या मागे सनमायकाचा तुकडा सरकवायचा, तो साधारण एक एमएमचा असतो, काम भागतं. पण खण दोन एमएम जास्त भरला की संपलं, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं सरक-सरक म्हणून तिथे बसता येत नाही, बॉल बेअरिंग अडतात, खण अर्ध्यावर रुसतो आणि जोर लावून ढकलला तर चॅनलच वाकतं.

सुतारकाका एमएम वापरत नाहीत. त्यांचं माप सूत. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन एमएम आणि वर थोडं. हे वरचं थोडं लई वाईट. सुताला सरळ तीन एमएम धरून हिशोब केला तर इंचाला जवळपास दीड एमएम गायब होतो आणि दोन फुटांत ते सव्वा इंचाच्या वर जातं. म्हणून मी त्यांचं माप त्यांच्याच टेपवर बघतो, आकडे बदलायच्या भानगडीत पडत नाही. शिवाय मशीनची करवतपण फुकट काम करत नाही, प्रत्येक कापाला तिचं पातं साधारण तीन एमएम भुसा करून खातं, आठ बाय चारच्या शीटवर कागदी नकाशा काढताना तो वाटा आधी बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर शेवटची पट्टी नेमकी तेवढीच कमी येते. काका एवढंच म्हणाले, "झिला, पयला कागदावर काड, मगे लाकडाक हात लाव." आणि वर, "सूत सोडलंस तर खण धावतलो, नाय सोडलंस तर पावसात अडकान बसतलो."

आता हे पावसाचं. आमच्या जुन्या घरात सागाचं एक टेबल आहे, अख्ख्या लाकडाचं, त्याचा खण मिरगापासून दसऱ्यापर्यंत उघडत नाही आणि थंडीत एका बोटाने येतो. मला वाटायचं तो लांबीला फुगतो. तसं नसतंय. लाकूड लांबीला जवळजवळ वाढतच नाही, ते रेषांच्या आडवं वाढतं. आणि खणाच्या बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे जातात, त्यामुळे पावसाळ्यात खणाची उंची वाढते आणि तो वरच्या फळीला जाऊन घासतो. आठ इंच उंचीच्या फळीत एक-दोन एमएमचा फरक सहज पडतो, आणि साग तर त्यातल्या त्यात गुणी म्हणायचा. हे कळल्यावर मी त्या टेबलाकडे नीट बघितलं, कोणीतरी कधीतरी त्या खणाची वरची कड रंध्याने साफ केलेली दिसते, पण फक्त डाव्या बाजूची. उजवी बहुतेक पुढच्या पावसावर सोडली असणार.

प्लायमध्ये हा त्रास फार कमी. पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एकाला वाढायचं झालं तर शेजारचा त्याला धरून ठेवतो. पण प्लाय घेताना शिक्का बघायचा. आयएस ३०३ म्हणजे नेहमीचा, त्यातही एमआर (ओलसरपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, ज्याचा नमुना चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. ७२ तास! आपण उकडा तांदूळ एवढा शिजवत नाही. वर्षाला ३००० एमएमच्या वर पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर मी कपाटाच्या सांगाड्याला मरीन घेतो आणि खणांना बीडब्ल्यूआर, कारण सांगाडा भिंतीजवळ उभा आणि आमच्या भिंती चिऱ्याच्या, पावसाळ्यात त्यांना ओल येते. कपाटाची पाठ भिंतीला चिकटवायची नाही, बोटभर सोडायची, आणि खाली ग्रॅनाइटच्या पट्ट्या द्यायच्या, म्हणजे वाळवीला निदान वळसा घालावा लागतो.

चिऱ्याच्या भिंतीची दुसरी खोड म्हणजे ती सरळ नसते. गिलावा कितीही चांगला असो, कोनाड्याची रुंदी वर एक, मध्ये दुसरी, खाली तिसरी. मुंबईहून आलेले चाकरमानी म्हणतात की भिंतीला फिट करून घे, जागा वाया जाते. अजिबात करू नये. भिंतीचा वाकडेपणा कपाटात शिरला की तो खणात शिरतो. सांगाडा बाहेर जमिनीवर काटकोनात जोडायचा, मग उचलून कोनाड्यात ठेवायचा आणि कडेची फट पट्टी मारून झाकायची. काटकोन बघायला गुण्या असतोच, पण मोठ्या खोक्याला मी कर्ण मोजतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट, दोन्ही सारखे आले तर खोका सरळ. शाळेत भूमितीच्या तासाला हे कोणी लाकूड हातात देऊन शिकवलं असतं तर बरं झालं असतं. आणि जुन्या कोब्याच्या जमिनीला उतार असतो हेही लक्षात ठेवायचं. बेअरिंगवाले खण इतके हलके धावतात की कपाट जरा पुढे कललेलं असलं तर न ओढता आपोआप बाहेर येतात, रात्री पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरेलच. लेव्हल ट्यूब लावून पायाखाली पाचर मारायची आणि मगच खण घालायचे.

चॅनल बसवताना काका पहिले स्क्रू लांबट भोकांत मारायला लावतात, गोल भोकांना शेवटपर्यंत हात लावू देत नाहीत. लांबट भोकं त्यासाठीच असतात, खण वर-खाली, आत-बाहेर थोडा हलवून बघायला. स्क्रू आखूड हवा, १२ एमएम प्लायमधून टोक आत डोकावलं तर मोजे फाटतात. खण बाहेर काढायचा तर दोन्ही बाजूंची काळी प्लॅस्टिकची जीभ दाबायची, एक वर आणि एक खाली, दोन्ही एकाच दिशेला दाबून खेचत बसलेली माणसं मी बघितलीयत. आणि खाऱ्या हवेचा गंज धरायचाच आहे म्हणून चॅनल घेताना स्टेनलेस स्टीलचं विचारावं, पैसे जास्त जातात.

शेवटी फ्रंट, म्हणजे बाहेरून दिसणारी फळी. ती खोक्याला आधी दुहेरी टेपने चिकटवायची, दोन फ्रंटच्या मध्ये सनमायकाचे दोन तुकडे ठेवून दोन एमएमची फट राखायची, मग खण हळूच उघडून आतून स्क्रू. लोकांना दिसते ती एवढीच फट, आणि ती सारखी असली की बघणारा म्हणतो वा, काय फिनिशिंग. आतली अर्धा-अर्धा इंच कोणी वाकून बघत नाही.

हँडल अजून लावलेली नाहीत. बायकोला पितळेची हवीत, ती या हवेत काळी पडतात आणि दर सणाला घासत बसावं लागतं. मला तर नकोच आहेत, फ्रंटची वरची कड आतून तिरकी तासली की बोट घालायला पुरेशी जागा होते, गंजायला काही उरत नाही. ती म्हणते असे उघडे खण अर्धवट दिसतात. तोपर्यंत सगळेजण बोट घालूनच ओढतायत, आणि सगळ्यात खालचा खण आईने काही न विचारता प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरून टाकलाय.