घाट, नाळ, पाखाडी, पाणंद

घाट म्हटलं की आज वळणं आठवतात. पण घाट या शब्दात वळण मुळात नाहीच. डोंगराची भिंत जिथून ओलांडता येते ती वाट म्हणजे घाट. म्हणून तर कोकणात एखादा माणूस 'घाटावर गेला' म्हणतात तेव्हा तो डोंगरापलीकडे, देशावर पोचलेला असतो. नाणेघाट पाहा. माथ्याजवळ सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी लेख आहे, जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आहे. या वाटेचा शेवटचा टप्पा दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या-पायऱ्यांनी सरळ वर निघतो. माणसाच्या पायाला आणि लादलेल्या बैलाच्या खुराला टेकायला जागा लागते. चढ उभा असला तरी चालतो.

नागमोडी वळणं आली ती चाकामुळे. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, आणि मग एकेका जुन्या घाटाच्या शेजारून सडक चढू लागली. हिशेब सोपा आहे. डोंगराळ भागात रस्त्याचा नेहमीचा चढ 20 ला 1 धरतात, म्हणजे 20 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. 600 मीटर उंची गाठायची तर 12 किलोमीटर रस्ता हवा. डोंगराची बाजू तेवढी लांब नसते, म्हणून रस्ता घडी घालत न्यावा लागतो. जिथे घडी पडते ते केसपिन वळण. तिथे आतल्या कडेची त्रिज्या निदान 14 मीटर आणि चढ 40 ला 1 पेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. लागोपाठच्या दोन घड्यांमध्ये 60 मीटर अंतर हवं. जुन्या घाटांत ही मापं सगळीकडे मिळत नाहीत.

हे माहीत असलं की गाडी कुठे दगा देते ते कळतं. वळण जवळजवळ सपाट असतं आणि ते संपताच चढ पुन्हा उभा राहतो. गिअर वळणाआधीच खाली घ्यायला हवा. नाहीतर वळणातून बाहेर पडतानाच गाडी गुदमरते. एसटी किंवा ट्रक वळताना मागची चाकं आतली कड कापतात, त्यामुळे अशा गाडीला अख्खा रस्ता लागतो. समोरून ती येताना दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबावं. दोन गाड्यांना जागा नसेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो तोच ठेवावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन उतारावर पकडेनासे होतात.

पावसाळ्यात दोन शब्दांतला फरक फार महत्त्वाचा. दरड कोसळते ती वरून. माती-दगड रस्त्यावर येतात, जेसीबी लावला की बऱ्याचदा दिवसाभरात वाट मोकळी होते. रस्ता खचतो तो खालून. डोंगराकडचं गटार किंवा रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी तुंबते, पाणी रस्ता ओलांडून दरीकडच्या भरावात मुरतं आणि भराव कडेसकट बसतो. मग खालून भिंत उचलून आणल्याशिवाय रस्ता उभा राहत नाही, त्याला महिने लागतात. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात असाच रस्ता तुटला आणि महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक थांबली. 'घाट बंद आहे' एवढ्या बातमीवर बेत आखू नये. दरड आली की रस्ता खचला, ते विचारावं.

पायी जाणाऱ्यांसाठी तर वाटेचं नाव हीच अर्धी माहिती. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांनी भरलेली घळ. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ ही त्यातली नामांकित. नाळ चुकत नाही, कारण दोन्हीकडे भिंती असतात. पण पाऊस पडला की तोच ओढा, आणि वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो. एकाखाली एक न राहता आळीपाळीने उतरावं. सोंड याच्या उलट. डोंगराच्या उतरत्या धारेवरून जाते, पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं, त्यामुळे पावसात नाळेपेक्षा ती बरी. मात्र तिथे वारा झोडपतो आणि विजांच्या वेळी आडोसा नसतो. निसणी म्हणजे शिडी. वाटेच्या नावात निसणी किंवा शिडी असेल तर हात वापरावे लागणार हे धरून चालावं. खांडसहून भीमाशंकरला शिडी घाटही जातो आणि गणेश घाटही. पहिला जवळचा, पण शिड्यांचा; दुसरा लांबचा, सोपा. लहान मुलं किंवा पाठीवर मोठं ओझं असेल तर कोणता धरायचा ते नावातच आहे. खिंड म्हणजे रांगेतली सखल जागा, जिथे मोठं सैन्यही अरुंद होतं. 1661 साली उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली गेली ती म्हणूनच. बागलाणात अशा जागेला बारी म्हणतात. सेलबारी, डोलबारी ही नावं तिथलीच.

डोंगरातल्या गावकऱ्याने 'वाट मळलेली आहे' म्हटलं तर निर्धास्त जावं. 'वाट मोडली' म्हटलं तर वाटाड्याशिवाय जाऊ नये. ती वाट होती, पण वापर थांबला, कारवीने झाकली. सगळ्यात फसवी ढोरवाट. ती माणसाच्या वाटेइतकीच ठसठशीत दिसते, पण गवताशी किंवा पाण्याशी जाऊन विरते. माणसाच्या वाटेवर कोयत्याने तोडलेल्या फांद्या दिसतात, आणि वाट डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळी असते. ढोरवाटेवर फांद्या तोंडावर येतात.

खाली कोकणात उतरलं की पाखाडी. जांभ्याच्या चिऱ्यांची, पायऱ्यांची, दोन्हीकडे गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, असलेली गल्ली. श्रावणात तिच्यावर शेवाळ चढतं. पायरीच्या मध्यावर, जिथे पाय पडून पडून ती घासलेली असते, तिथेच पाऊल टाकावं. तीन रस्ते मिळतात तो तिठा. फाटा मात्र नीट समजून घ्यावा: फाट्याला गावाचं नाव असतं, गाव तिथे नसतं. एसटीतून उतरण्याआधी फाट्यापासून गाव किती आत आहे ते कंडक्टरला विचारावं.

आणि पाणंद, विदर्भात पांदण. दोन शेतांच्या मधून, कुंपणांच्या आतून जाणारी वाट. वर्षानुवर्षांच्या चाकांनी ती शेतापेक्षा खाली जाते आणि पावसात तिचाच ओढा होतो. कडेने चर न काढता नुसता मुरूम टाकला तर तो पहिल्याच पावसात वाहून जातो. शेजारचा नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो तेव्हा भांडण सुरू होतं. त्यावेळी गावनकाशा उघडावा. दुहेरी तुटक रेघ असेल तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते 21 फूट. एकेरी तुटक रेघ असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. असलेली वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली, अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज करायचा. वाट नव्हतीच आणि बांधावरून नवी हवी असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143. चुकीचं कलम लावलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तोवर ते 6 महिने निघून गेलेले असतात.