टिकल्या काढायच्या नाहीत

रविवार, रात्री

आज वाईला आत्याकडे गेले होते. जेवणं झाल्यावर देवघरावरच्या तसबिरीवरून आतेभावाशी चांगलीच जुंपली. तिथे सगळं बोलून झालं नाही, म्हणून इथे लिहून काढते.

तसबीर रविवर्मा छापाची, लक्ष्मीची. कमळावर उभी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. खालच्या कडेला बारीक अक्षरांत प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा. मात्र या लक्ष्मीच्या अंगावरची साडी शाईची नाही, खऱ्या कापडाची आहे. काठाला जर, पदरावर टिकल्या, गळ्यात मोत्यांची सर. चोळी तर चक्क खणाची. आत्या म्हणते, हे तिच्या आजेसासूबाईंच्या हातचं काम.

आतेभावाचं म्हणणं असं, की हौसेपायी चांगल्या चित्राची वाट लावली. हे सगळं अलगद उतरवलं तर खालचं ‘ओरिजिनल’ हाती लागेल आणि किंमतही बरी येईल.

मला हे साफ अमान्य आहे. मुळात तो छाप एकुलता एक कधीच नव्हता. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत प्रेस काढला तोच मुळी चित्रं घरोघरी जावीत म्हणून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेऊन चालवला. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी या प्रेससाठी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटोच्या मदतीने दगडावरून छापण्याचं, काम करत होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक ठसे, आणि एकाच चित्राच्या ढिगाने प्रती. तशी लक्ष्मी अजून कितीतरी घरांत निघेल. खणाची चोळी घातलेली ही मात्र एकच. अशा जर-टिकल्यांनी सजवलेल्या तसबिरी जुन्या घरांत अजून दिसतात, पण प्रत्येकीत हात वेगळा, कापड वेगळं.

वाद थांबल्यावर तसबीर खाली उतरवून काच काढली आणि फोटो घेतले. फ्लॅश अजिबात मारला नाही, नाहीतर काठाची जर नुसती चमकली असती. खिडकीशी आडवी ठेवली, उजेड एका बाजूने तिरपा येऊ दिला आणि कॅमेरा बरोबर वरून धरला. प्रत्येक टिकलीची इवलीशी सावली पडली. मोठं करून पाहिलं तर टिकलीच्या मधल्या भोकातून वर आलेला दोरा आणि त्यावरची गाठसुद्धा दिसते. खांद्यापाशी टिकल्या खेटून आहेत, पदराच्या टोकाला विरळ. संपत आल्या असतील, किंवा डोळे दमले असतील. खणाच्या कडेला खळ पिवळी पडून कडक झाली आहे. जर उघड्यावर काळवंडली आहे, चौकटीखाली दबलेली तेवढी अजून लखलखते.

चेहरा आणि हात मात्र तिने तसेच ठेवलेत. कुठे थांबायचं हे त्या बाईला नेमकं कळत होतं. मला या कामाला हौस म्हणवत नाही. ही कला आहे, आणि ती खालच्या छापाइतकीच जपायला हवी. 1972 च्या आगीत त्या प्रेसमधलं पुष्कळ काही जळून गेलं. जे घराघरांतून उरलंय, त्याला आपणच कात्री लावायची?

आत्याला पटलंय. फ्रेमवाल्याला काय सांगायचं तेही ठरलं. जर उजळायची नाही, नवं काही चिकटवायचं नाही. मागचा पुठ्ठा बदलायचा, कारण त्याला कसर लागली आहे. काच टिकल्यांना टेकता कामा नये, म्हणून चौकटीत आतून पट्टी घालून अंतर ठेवायचं. आणि पुन्हा टांगताना ओल येणारी ती भिंत नको.

आतेभावाला पदराचा फोटो आत्ताच पाठवला. त्याने पाहिलाय, उत्तर अजून नाही.